प्रिंटर अडकलाय, पण सांगणार कोण?

आजचा भाग प्रिंटरवर आहे. थांबा, लगेच पुढच्या एपिसोडवर जाऊ नका! यात एक नकार आहे, एक मोठी चळवळ आहे आणि प्रिंटरला आग लागल्याची सूचनासुद्धा आहे.

प्रश्न साधा आहे. तुम्ही प्रिंट मारली आणि कागद आलाच नाही. मग झालं काय? कागद संपला, अडकला, की पुढे कुणाचातरी दोनशे पानांचा प्रोजेक्ट चाललाय? हे टर्मिनलवरून विचारायला दोन कमांड आहेत, एलपीक्यू आणि एलपीस्टॅट. यातलं एलपी म्हणजे लाइन प्रिंटर. एका वेळी अख्खी ओळ कागदावर ठोकणारं कपाटाएवढं यंत्र. आयबीएमचा १४०३ हा त्यातला गाजलेला, १९५९ चा, मिनिटाला ६०० ओळी छापायचा. ते प्रिंटर गेले, पण नाव राहिलं. आज नव्या कोऱ्या मॅकबुकवरही ते तसंच टाइप करावं लागतं.

६०० ओळी ऐकायला भारी वाटतात, पण कॉम्प्युटरच्या मानाने ही बैलगाडीच. महागडा कॉम्प्युटर प्रिंटरसाठी ताटकळत ठेवणं परवडत नव्हतं. म्हणून छापायचा मजकूर आधी टेपवर किंवा डिस्कवर ठेवायचा आणि प्रिंटरने आपल्या गतीने उचलायचा, अशी सोय निघाली. हेच स्पूलिंग. कॉम्प्युटर मोकळा झाला, पण माणूस आणि प्रिंटर यांच्यात एक रांग आली. आपलं काम त्या रांगेत कुठे आहे, हे जागेवर बसून दिसेना.

आता १९८० च्या सुमारास अमेरिकेत, एमआयटीच्या एआय लॅबमध्ये जाऊ. झेरॉक्स कंपनीने, म्हणजे जिच्या नावाने आपण कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ‘झेरॉक्स’ काढतो तिनेच, लॅबला एक लेझर प्रिंटर भेट दिला होता. सेकंदाला एक पान! पण मुळात ते ऑफिसातलं कॉपी मशीन, त्यालाच प्रिंटर बनवलेलं. कॉपी मशीनमध्ये कागद अडकला तर समोर माणूस उभा असतो, तो काढतो. इथे प्रिंटरपाशी कुणीच नसायचं. कागद अडकायचा, रांग वाढत जायची आणि सगळे आपापल्या टर्मिनलवर वाट बघत बसायचे.

तिथल्या रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरकडे यावर तोडगा होता. कागद अडकला की प्रिंटर चालवणाऱ्या मशीनने मुख्य कॉम्प्युटरला कळवायचं, आणि त्याने ज्यांची कामं खोळंबलीत त्यांना मेसेज टाकायचा की जा, कागद काढा. ज्याला प्रिंट हवीय तो धावत जाईलच ना! आधीच्या प्रिंटरवर लॅबने असले बदल केलेही होते. पण या वेळी प्रोग्रॅमचा सोर्स कोड मिळालाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेले. त्याने नकार दिला, कारण कोड कुणाला देणार नाही असं त्याने लिहून दिलं होतं.

स्टॉलमन यांनी हा किस्सा पुढे अनेक भाषणांत सांगितलाय. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि फ्री सॉफ्टवेअर चळवळ उभी राहिली. आता केवळ एका प्रिंटरमुळे हे झालं असं म्हणणं जरा फिल्मी होईल. लॅबमधली माणसं कंपन्यांत जाऊन तिथलं वातावरण मोडलं, हेही मोठं कारण होतं. पण त्यांनी मागितलं काय होतं, ते बघा. नवीन फीचर नाही, वेग नाही. फक्त प्रिंटरचं स्टेटस.

आणि गंमत म्हणजे त्याच १९८३ मध्ये युनिक्सच्या दोन घराण्यांच्या मोठ्या आवृत्त्या आल्या आणि दोघांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला होता. बर्कलीच्या ४.२ बीएसडीत एलपीआरने काम टाकायचं, एलपीक्यूने रांग बघायची, एलपीआरएमने काम काढायचं. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये याच कामांसाठी एलपी, एलपीस्टॅट आणि कॅन्सल.

मला स्वतःला सिस्टिम फाइव्हचा विचार जास्त पटतो. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रांग नवीन काम घेतेय का, हे एक. आणि प्रिंटर छापतोय का, हे दुसरं. टोकन वाटणं चालू पण खिडकी बंद, असं होऊ शकतं ना, तसंच. बीएसडीत मागे चालणारा प्रोग्रॅम एका फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवायचा आणि एलपीक्यू तीच दाखवायचा. म्हणजे शेवटची लिहिलेली ओळ खरी असेल तेवढंच उत्तर खरं.

त्यात प्रिंटरही फारसा बोलत नव्हता. जुन्या पॅरलल पोर्टमध्ये प्रिंटरकडून स्थिती सांगणाऱ्या तारा फक्त ५. लिनक्सचा ड्रायव्हर बघायचा, कागद संपला? नाही. ऑफलाइन आहे? तेही नाही. तरी काहीतरी बिघडलंय? मग थेट मेसेज, ‘एलपी झिरो ऑन फायर’. प्रिंटर पेटलाय! खरोखर. कोडमध्ये तसंच लिहिलंय.

नेटवर्कवरची गत वेगळी नव्हती. बीएसडीची पद्धत १९९० मध्ये आरएफसी ११७९ म्हणून कागदावर आली. त्यात रांगेची स्थिती विचारायची सोय आहे, पण उत्तर म्हणजे नुसता मजकूर, ज्याला जसा जमेल तसा. माणूस तो वाचेल, पण दुसऱ्या प्रोग्रॅमने काय समजायचं?

हा गुंता सुटला तो आयपीपी या नव्या प्रोटोकॉलने आणि मायकल स्वीट यांच्या कप्स या प्रणालीने. कप्स १९९९ मध्ये बाहेर आली. तिने दोन्ही घराण्यांच्या कमांड ठेवल्या, म्हणून आज एलपीक्यू आणि एलपीस्टॅट शेजारी शेजारी नांदतात. ॲपलने २००२ मध्ये ती मॅकमध्ये घेतली. आयपीपीत प्रिंटरच्या अवस्था तीनच, मोकळा, चालू आणि थांबलेला. थांबला असेल तर कारणासाठी ठरलेले शब्द आहेत आणि त्यातला एक ‘मीडिया जॅम’, म्हणजे कागद अडकलाय. आयफोनचं एअरप्रिंट याच आयपीपीवर चालतं.

तर पुढच्या वेळी प्रिंट आली नाही की टर्मिनल उघडा आणि एलपीस्टॅट, स्पेस, डॅश टी द्या. ‘आयडल’ दिसलं तर प्रिंटर मोकळा आहे. ‘डिसेबल्ड’ दिसलं आणि वर ‘ॲक्सेप्टिंग रिक्वेस्ट्स’ असेल, तर तीच बंद खिडकी: टोकनं वाटली जातायत, छापत कुणी नाही. कप्सची मूळ सेटिंग अशी आहे की छापताना गडबड झाली की तो प्रिंटरच थांबवून ठेवतो. त्यामुळे तुम्ही जाऊन कागद नीट केला तरी रांग हलतेच असं नाही. अशा वेळी कप्सएनेबल आणि पुढे प्रिंटरचं नाव. आणि परत प्रिंट मारण्याआधी एकदा एलपीक्यू बघा, नाहीतर मघाशी वैतागून दहा वेळा दिलेली तीच फाइल दहा वेळा बाहेर येईल.