नांतेर : चिखलातले विद्यापीठ

मे १९६८ म्हटले की पॅरिसचे लॅटिन क्वार्टर आठवते : उखडलेले फरसबंदीचे दगड, अश्रुधूर, सोर्बनचे प्रांगण. पण या उठावाची सुरुवात तिथे झाली नव्हती. ती झाली शहराच्या पश्चिमेकडील नांतेर नावाच्या उपनगरात, अर्धवट बांधलेल्या एका सरकारी विद्यासंकुलात. नांतेरच का, याचे उत्तर तिथल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या जगण्यात पुष्कळसे सापडते. आजचा धागा त्याविषयी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मुले १९६० च्या दशकात महाविद्यालयाच्या वयाला आली आणि सोर्बनच्या वर्गांत उभे राहायलाही जागा उरेना. सरकारने पॅरिसबाहेर, हवाई दलाच्या गोदामांच्या जुन्या जमिनीवर नवी विद्याशाखा उभारायचे ठरवले. १९६४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ती सुरू झाली, तेव्हा बांधकाम चालूच होते. पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास होते; १९६८ पर्यंत ते बारा हजारांच्या घरात गेले. ग्रंथालय मात्र तेव्हाही पुरे झालेले नव्हते. विद्यार्थ्यांची गणती आधी, पुस्तकांची सोय सवडीने, हा क्रम आपल्याकडच्या वाचकांना अपरिचित वाटू नये.

सेंट-लाझार स्थानकावरून गाडी पकडायची आणि ‘ला फोली – विद्यापीठ संकुल’ या थांब्यावर उतरायचे. फ्रेंचमध्ये ‘फोली’ म्हणजे वेड. स्थानकाला ते नाव जुन्या परिसरावरून मिळाले होते, पण विनोद करायला विद्यार्थ्यांना आयते निमित्त झाले. उतरल्यावर समोर काँक्रीटचे ठोकळे, क्रेन आणि चिखल. सोर्बनच्या भोवती कॅफे होते, जुन्या पुस्तकांची दुकाने होती, चित्रपटगृहे होती. तास संपला तरी दिवस संपत नसे. नांतेरमध्ये तास संपला की परतीची गाडी गाठायची. बहुतेक विद्यार्थी पश्चिम पॅरिसच्या सुखवस्तू घरांतले. ते संध्याकाळी घरी जात आणि मागे उरत ते वसतिगृहातले, बहुधा बाहेरगावचे आणि खिशाने बेताचे.

वसतिगृहाच्या नियमांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मुलींना मुलांच्या इमारतीत जाता येई, मुलांना मुलींच्या इमारतीत नाही. त्या काळी फ्रान्समध्ये सज्ञान होण्याचे वय एकवीस होते, म्हणजे विद्यापीठ कायद्याने मुलीच्या बापाच्या जागी उभे होते. मार्च १९६७ मध्ये मुलांनी मुलींच्या इमारतीत शिरून ठाण मांडले आणि पोलीस बोलावले गेले. पुढच्या इतिहासकारांपैकी काहींनी या प्रकाराकडे पोरखेळ म्हणून पाहिले. मला ते पटत नाही. तासांनंतर जिथे बसायला धड जागा नाही, तिथे कोणी कोणाला भेटावे हे द्वारपाल ठरवणार असेल, तर तो प्रश्न लहान कसा?

८ जानेवारी १९६८ रोजी युवक व क्रीडा खात्याचे मंत्री फ्रांस्वा मिसोफ नव्या जलतरण तलावाच्या पाहणीसाठी आले. समाजशास्त्राचा विद्यार्थी दानिएल कोन-बेंदित याने त्यांना अडवून विचारले : तरुणांवरच्या तुमच्या अहवालात त्यांच्या लैंगिक प्रश्नांविषयी एक अक्षर कसे नाही? तसा त्रास होत असेल तर तलावात उडी मार, अशा अर्थाचे उत्तर मंत्र्यांनी दिले. हे हिटलरच्या युवक संघटनेला शोभेल असे उत्तर आहे, असा टोला विद्यार्थ्याने परतवला. कोन-बेंदितचे आईवडील नाझी जर्मनीतून पळून आलेले ज्यू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते. इतिहासाची क्रूर थट्टा अशी की, विद्याशाखेचे प्रमुख पिएर ग्रापँ हे स्वतः नाझीविरोधी प्रतिकार चळवळीतले; पण त्याच महिन्यात त्यांनी आवारात पोलीस बोलावले आणि विद्यार्थी त्यांनाच नाझी म्हणू लागले.

मार्चमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ पॅरिसमधल्या अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्यालयावर हल्ला झाला आणि काहींना अटक झाली. त्यांत नांतेरचा एक विद्यार्थी होता. २२ मार्चच्या संध्याकाळी विद्यार्थी प्रशासकीय इमारतीच्या आठव्या मजल्यावर, प्राध्यापकांच्या सभागृहात शिरले. रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली आणि १४२ जणांच्या मतांनी निवेदन संमत झाले. ‘२२ मार्च चळवळ’ हे नाव तिथून आले. २ मे रोजी ग्रापँ यांनी संकुल बंद केले. ३ मे रोजी विद्यार्थी सोर्बनच्या प्रांगणात जमले, पोलीस आत शिरले, आणि पुढचे सगळे सर्वज्ञात आहे.

मात्र या कथेत सहसा कोपऱ्यात राहणारी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच अधिक बोचरी आहे. संकुलाला लागूनच पत्र्याची वस्ती होती. फ्रेंचमध्ये तिला ‘बिदाँव्हील’ म्हणजे डब्यांचे गाव म्हणतात. ला फोली ही नांतेरमधल्या अशा वस्त्यांतली मोठी वस्ती. तिथे राहणारे प्रामुख्याने अल्जीरियन मजूर आणि त्यांची कुटुंबे. पॅरिस परिसरातली बांधकामे आणि कारखाने त्यांच्याच श्रमांवर चालत. पाणी सार्वजनिक नळावरून वाहून आणायचे, आणि विद्यार्थ्यांच्या बुटांना लागणारा चिखल त्यांच्या घरांत शिरायचा. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, पोलीस प्रमुख मोरिस पापाँ यांनी अल्जीरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध, याच वस्त्यांतून माणसे पॅरिसकडे निघाली होती. त्या रात्री पोलिसांनी कित्येकांना ठार केले, काहींना सेन नदीत फेकले. सात वर्षांनी लॅटिन क्वार्टरमध्ये लाठ्या चालल्या तेव्हा देश हादरला. १९६१ च्या रात्री तो असा हादरला नव्हता.

समाजशास्त्राच्या वर्गात शहरी विषमतेवर व्याख्याने होत. आंरी लफेव्र तिथेच शिकवत आणि ‘शहरावरचा हक्क’ ही त्यांची मांडणी १९६८ मध्येच पुस्तकरूपाने आली. तिचे उदाहरण वर्गाच्या खिडकीतून दिसत होते. काही विद्यार्थी वस्तीत साक्षरतेचे वर्ग घेत, पण बहुतेकांसाठी ती गाडीतून दिसणारी एक पट्टी राहिली. तिथेच इंग्रजी साहित्य शिकवणारे कादंबरीकार रोबेर मेर्ल यांनी १९७० मध्ये ‘काचेआड’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली कादंबरी लिहिली. ती २२ मार्चच्या एकाच दिवसाची आहे, आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या एकाकीपणासोबत संकुलात बांधकामावर राबणारा एक अल्जीरियन तरुणही आहे. निबंधांतून जे सुटले ते कादंबरीकाराने टिपले.

उठाव ओसरला तरी नांतेर शांत झाले नाही. विद्यार्थ्यांशी जवळीक साधता येईल या आशेने सोर्बन सोडून इथे आलेले तत्त्वज्ञ पॉल रिकर १९६९ मध्ये प्रमुख झाले. १९७० च्या जानेवारीत एका विद्यार्थ्याने त्यांच्या डोक्यावर कचऱ्याची टोपली उपडी केली. मार्चमध्ये आवारात पोलीस आणि विद्यार्थ्यांची चकमक झाली आणि रिकर यांनी राजीनामा दिला.

ला फोलीची वस्ती १९७१ मध्ये हटवण्यात आली आणि तिथल्या कुटुंबांची ‘तात्पुरत्या’ संक्रमण वसाहतींत रवानगी झाली. मोनिक एर्वो ही फ्रेंच कार्यकर्ती १९५९ पासून त्या वस्तीतच राहत होती आणि ती रिकामी होईपर्यंत राहिली. तिथल्या लोकांचे बोलणे तिने नोंदवून ठेवले नसते, तर या संकुलाच्या शेजाऱ्यांविषयी आज आपल्या हाती पोलिसी दप्तराखेरीज फारसे काही उरले नसते. स्थानकाचे नावही पुढे बदलले : आता ते ‘नांतेर विद्यापीठ’ आहे.