नावेचं दार उघडतंय

कडेला घट्ट धरा. ही नाव दिसते तेवढी भक्कम नाही. प्लायवुडची आहे, पुढचं दार तेवढं पोलादी. आत तुमच्यासारखे तीसेक अमेरिकन सैनिक दाटीवाटीनं उभे आहेत. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून अठरा किलोमीटरवर मोठ्या जहाजातून हिच्यात उतरवलं, तेव्हापासून लाटा अंगावर येताहेत. ६ जून १९४४ ची सकाळ, पण पाणी असं गार की दातखीळ बसावी. ओकायच्या कागदी पिशव्या केव्हाच भरल्या; आता जो तो पायाशीच ओकतोय. शेजाऱ्यानं हेल्मेटनं पाणी उपसायला घेतलंय. तुम्हीही घ्या. हात कामात असले की पोटातला गोळा जरा विसरतो.

कपडे एवढे कडक का? विषारी वायूपासून बचाव म्हणून त्यांना रसायन चोपडलंय. आत हवा खेळत नाही, आणि त्याचा दर्प डिझेलच्या धुरात मिसळून डोकं उठवतो. कमरेचा तरंगपट्टा मात्र आत्ताच काखेपर्यंत वर सरकवा. कमरेवरच फुगवलात तर पाठीवरच्या ओझ्यानं डोकं खाली नि पाय वर होतील. आज कितीतरी पोरं गोळी न लागताच अशी बुडणार आहेत.

मागून युद्धनौकांच्या तोफा धडाडताहेत. कान बधिर झालेत, तरी त्या आवाजाचा केवढा आधार वाटतो! समोरच्या टेकाडावर आता कोण जर्मन जिवंत असणार? जवळजवळ सगळेच आहेत. ढगांमुळे विमानांचे बॉम्ब पलीकडच्या शेतांत पडले. तुमच्या मदतीला येणाऱ्या तरंगत्या रणगाड्यांपैकी एका तुकडीनं २९ पाण्यात सोडले, त्यातले २७ बुडाले.

दारावर टणटण वाजू लागलंय. गोळ्या आहेत त्या. आणि नेमकं आत्ताच दार खाली पडतं.

उडी मारा! पाणी छातीपर्यंत. पुढे लोखंडी अडथळे रोवलेत. त्यातल्या एकामागे तीन जण आधीच अंग चोरून बसलेत, चौथे तुम्ही. तेवढ्यात सुरुंग घेऊन एक जण रांगत येतो आणि ओरडतो, हटा, मला हे उडवायचंय. तुमचे पाय हलत नाहीत. त्याचेही हात थरथरताहेत, पण त्याच हातांनी तो तारा बांधत राहतो. ओमाहा असं सांकेतिक नाव दिलेल्या या किनाऱ्याच्या वाळूवर मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच. भीती कुणाचीच गेलेली नाही, आणि तरी कामं होताहेत.

भरती चढतेय. जखमी माणसं पाण्याच्या पुढे पुढे सरपटताहेत. ज्यांना जमत नाही, त्यांना पाणी गाठतं. एकाच्या पट्ट्याला धरून ओढा. शाब्बास! आता गोट्यांच्या बांधापर्यंत पळा आणि तिथं पालथे पडा.

इथं सगळे खांद्याला खांदा लावून पडलेत. रायफलीत वाळू गेलीय, खटका अडकलाय. बांधापलीकडे काटेरी तारा. त्यांत सुरुंगानं वाट पाडली जाते. पहिला जवान तिच्यातून जातो आणि गोळी लागून कोसळतो. मागचे जागच्या जागी गोठतात. तेव्हा पन्नाशी ओलांडलेला एक अधिकारी, ब्रिगेडियर जनरल नॉर्मन कोटा, स्वतः त्या वाटेनं पलीकडे धावतो. मग एकेक जण उठू लागतो.

तुम्हीही उठा. टेकाडावरचं गवत पेटलंय. डोळे चुरचुरताहेत, पण त्याच धुरामुळे वरच्या मशीनगनवाल्यांना तुम्ही दिसत नाही. उतारावर सुरुंग पेरलेत, तेव्हा पुढच्याच्या पावलावरच पाऊल ठेवा आणि मागच्यालाही तसंच सांगा. चला, वर चढा.