हृद्‌रोहिणींचा पुनःसंकोच : एक ऐतिहासिक टिपण

‘ब्लॉकेज काढले’ हा शब्दप्रयोग नांदेड व लातूर या जिल्ह्यांत आता सर्वपरिचित झाला आहे. फुग्याने केलेल्या उपचाराचे हे वर्णन मात्र यथार्थ नव्हे. त्यात काढले काहीच जात नाही. फुगा हृद्‌रोहिणीतील साका भित्तीवर दाबतो, त्यास तडे पाडतो व मार्ग रुंद करतो. रोहिणीच्या दृष्टीने ही जखमच होय, आणि ती भरून येण्याच्या क्रियेतच पुनःसंकोचाचे बीज आहे.

आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे जागृत रुग्णाच्या हृद्‌रोहिणीत प्रथम फुगा फुगविला. ही पद्धती लवकरच सर्वत्र पसरली; परंतु तीस ते चाळीस टक्के रुग्णांत रोहिणी सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होई. याची कारणे तीन : ताणलेली भित्ती तत्काळ आक्रसते, कालांतराने रोहिणीच आकुंचन पावते, आणि जखम भरताना भित्तीतील स्नायुपेशी आतल्या बाजूस वाढतात.

१९८६ मध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंड येथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, प्रथम बसविण्यात आली. तिने पहिल्या दोन कारणांचे निवारण केले. तिसरे मात्र उरले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट चाचणीत पुनःसंकोचाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांपर्यंतच उतरले.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्य वेगळे झाले, तरी उपचारार्थ हैदराबादेस जाण्याचा प्रघात टिकून राहिला. ए. पी. जे. अब्दुल कलाम व हृद्‌रोगतज्ज्ञ सोमा राजू यांनी १९९८ च्या सुमारास अल्पखर्ची ‘कलाम-राजू स्टेंट’ सिद्ध केला, तो याच शहरात.

पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. पुनःसंकोच पुष्कळच घटला. परंतु जखम भरणे मंदावल्यामुळे धातू दीर्घकाळ उघडा राहून त्यावर रक्ताची गुठळी धरण्याचे भय उत्पन्न झाले. म्हणून गुठळी रोखणाऱ्या गोळ्या कित्येक महिने अखंड घ्याव्या लागतात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने अशा स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली व तो अनेकांच्या आवाक्यात आला. तथापि किंमत उतरली म्हणून जखमेचा स्वभाव पालटत नाही. ‘काढले’ हे क्रियापद कार्य समाप्त झाल्याचा बोध करून देते. त्यावर विसंबून गोळ्या सोडणाऱ्या व पुनर्तपासणी टाळणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा शब्ददोष प्राणघातक ठरू शकतो. ‘रोहिणी उघडली आहे, जखम भरावयाची आहे’ असे म्हणणेच वस्तुस्थितीस धरून होईल.