बॉम्बे टॉकीजमधील जर्मन कलावंत

मुंबई उपनगरातील मालाड येथे १९३४ मध्ये हिमांशु राय व देविकाराणी यांनी स्थापन केलेल्या चित्रसंस्थेत काम करणारे जर्मन चित्रपटकर्मी. पहिल्या महायुद्धानंतर म्युनिकच्या एमेल्का कंपनीने राय यांच्यासह ‘प्रेम संन्यास’ (१९२५) काढला. राय यांची जर्मन चित्रपटकर्मींशी ओळख त्यातूनच झाली. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन, छायालेखक योझेफ विर्शिंग व नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी मालाडला आले. ओस्टेन यांना हिंदी येत नसे, तरी ‘अछूत कन्या’ (१९३६) त्यांचाच. या मंडळींना सरसकट निर्वासित समजणे चूक. ओस्टेन स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते. स्प्रेटी लवकर परतले व पुढे मुत्सद्दी झाले. १९७० मध्ये ग्वाटेमालात राजदूत असताना अपहरणकर्त्यांनी त्यांची हत्या केली.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने ‘कंगन’चे चित्रीकरण चालू असतानाच ओस्टेन व विर्शिंग यांना स्थानबद्ध केले. ओस्टेन जर्मनीला गेले, पण विर्शिंग युद्धानंतर इथेच राहिले. त्यांचे खरे मोठे काम याच काळातले. ‘महल’मध्ये (१९४९) झोपाळ्यावरची मधुबाला क्षणात उजेडात, क्षणात अंधारात जाते, जर्मन छायाप्रकाशाची ती शैली हिंदी पडद्यावर इतकी मुरलेली क्वचितच दिसते. बॉम्बे टॉकीज १९५४ मध्ये बंद पडली. ‘पाकीझा’चे चित्रीकरण पुरे होण्याआधीच, १९६७ मध्ये, विर्शिंग यांचे निधन झाले, चित्रपट १९७२ मध्ये प्रदर्शित झाला.