आदेशाने गेट उघडलं, बाजार हमालांनी उघडला



परवा कांदा घेऊन यार्डात गेलो होतो. पहाटे चारला पोचलो तरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरची लाइन. गेटजवळच्या भिंतीवर अजून एक फिकट पाटी आहे, 'मास्कशिवाय प्रवेश नाही'. मागच्या ट्रॉलीवरच्या पोराने विचारलं, "काका, कोरोनात बाजार परत चालू कसा केला होता?" लाइनीत वेळ भरपूर होता, त्याला सांगितलं. तेच इथे लिहितो. जरा मागून सुरुवात करावी लागेल.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची कोठारं. धान्य तिथे उंदीर. उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, तेही १८९८ मध्ये. तोवर सरकार कार्बोलिकने घरं धूत होतं आणि उंदीर शेजारच्या घरात पळत होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, सक्तीने दवाखान्यात नेणं सुरू झालं. पुण्यात या जाचाचा राग इतका वाढला की २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

मुंबईतून लाखो माणसं गावाकडे निघून गेली. गिरण्यांची यंत्रं जागेवर होती, हात नव्हते. एरवी गिरणीत पगार महिन्याने, आणि तोही अडकवून ठेवायची पद्धत. साथीत मात्र मालकांना रोजचा रोज पैसा मोजावा लागला. नाक्यावर उभं राहून एका गिरणीची माणसं दुसऱ्या गिरणीपेक्षा जास्त बोली लावत होती. काम सुरू करायला हुकूम पुरत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता आपलं २०२०. मार्चमध्ये महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा लागू केला. २५ मार्चपासून देश बंद. माझा रांगडा कांदा तेव्हा नुकताच काढून शेतात पातीखाली झाकलेला. उन्हाळ कांदा असता तर चाळीत भरला असता, रांगडा कुठे टिकतो? २७ मार्चला केंद्राने सुधारित आदेश काढला. शेतीची कामं, बाजार समित्या, खत-बियाणं यांना सूट मिळाली. कागदावर बाजार खुला झाला.

मी आनंदाने ट्रॉली भरून गेलो. गेट उघडं होतं, आत शुकशुकाट. खळ्यावरचे परप्रांतीय मजूर अडकलेले किंवा गावाच्या वाटेला लागलेले, बारदान मिळेना. चार-दोन व्यापारी आले होते, पण माल उतरवणार कोण? ट्रॉली तशीच परत आणली. पुढच्या आठवड्यात अवकाळीचा शिडकावा झाला आणि निम्मा ढीग सडला. बांधावर टाकलेल्या त्या कांद्याचा वास महिनाभर घरात येत होता.

आमच्या यार्डातला साठीकडे झुकलेला एक हमाल तेव्हा घरीच बसला होता. त्याला विचारलं, का येत नाही? म्हणाला, "भाऊ, येतो की. पण आजारी पडलो तर घरचं कोण बघणार? आणि गावात परत घेतील का?" याचं उत्तर त्या आदेशात नव्हतं.

मोठ्या बाजारात काय झालं तेही आठवा. चेन्नईच्या कोयंबेडू मार्केटमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला रुग्ण वाढले, ५ मे २०२० ला मार्केट बंद केलं. तिथले हमाल-मजूर आपापल्या जिल्ह्यात गेले आणि त्यांच्याबरोबर आजार कडलूर, अरियालूरपर्यंत गेला. भाजीचा बाजार तिरुमळिसैला हलवला, कोयंबेडू परत उघडायला सप्टेंबरअखेर उजाडलं. आपली वाशीची बाजार समितीही ११ ते १७ मे बंद ठेवून तपासण्या आणि साफसफाई करावी लागली. दोन्हीकडे बाजार अत्यावश्यक म्हणून चालू होते. गर्दी मात्र पूर्वीसारखीच होती.

आमच्या लहान यार्डात एप्रिलमध्ये एक बैठक झाली. पहिल्यांदा फक्त व्यापारी आणि संचालक बसले, त्यातून काही निघालं नाही. दुसऱ्या वेळी हमाल, मापारी आणि दोन-तीन शेतकरीही बोलावले. मीही होतो. ठरलं ते असं:

आदल्या दिवशी फोनवर नाव नोंदवायचं, ठरावीक ट्रॉल्या सकाळी, ठरावीक दुपारी. ट्रॉलीबरोबर दोनच माणसं. लिलावात व्यापाऱ्यांनी ट्रॉलीला घोळका करायचा नाही, फक्कीने आखलेल्या रेषेमागे उभं राहून बोली लावायची. हमालांच्या दोन टोळ्या, एक आड एक दिवस, म्हणजे एका टोळीत कोणी आजारी पडला तरी दुसरी उभी. हमाली रोजच्या रोज हातात. कोणी आजारी पडला तर चौदा दिवसांचा किराणा व्यापारी आणि समिती मिळून देणार.

शेवटची अट हमालांनी घातली होती. ती मान्य झाली आणि तिसऱ्या दिवशी लिलाव सुरू झाले.

सगळं गोड झालं असं नाही. फोन न लागलेली म्हातारी माणसं मागे राहिली, ओळखीच्यांचे नंबर पुढे सरकले. त्यावर भांडणंही झाली. आणि आपण एक चूक १८९७ सारखीच केली. द्राक्षबागेचे ब्लोअर गावातून फिरवून हायपोक्लोराईट फवारलं, कुठे कुठे माणसांवरही. माणसांवर फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितलं होतं. रोग पसरत होता मुख्यतः जवळजवळच्या श्वासातून. तेव्हा भिंती धुतल्या नि पिसवा सुटल्या, आता रस्ते धुतले नि घोळका सुटला. ट्रॉल्या दोन वेळांत वाटणं आणि फक्कीची रेषा, हे साधे उपाय जास्त कामाचे होते. औषध मारण्याआधी कीड कुठे आहे ते बघावं, हे आपण पिकात शिकतो, माणसांत विसरतो.

आज ती नंबर पद्धत बंद आहे. म्हणून मी पहाटे चारला लाइनीत होतो. रोजची हमाली परत आठवड्यावर गेली. किराण्याची अट तर कोणाला आठवतही नाही. साथ गेली की तिच्यातून मिळालेलं चांगलंही आपण सोडून दिलं.

तो साठीचा हमाल अजून येतो. परवा माझी ट्रॉली त्यानेच उतरवली. पुढची साथ कधी येईल माहीत नाही, पण आली तर पहिल्या बैठकीत त्याला खुर्ची असावी, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या बाजार समितीत तेव्हा काय ठरलं होतं, आणि त्यातलं आज काय उरलंय? लिहा.