पाव, अर्धा, पाऊण, अख्खा वारा

विमानाचा हवेतला वेग १०० नॉट आणि समोरून २० नॉटचा वारा, तर जमिनीवरचा वेग ८०. तोच वारा पाठीमागून आला तर १२०. इथवर बेरीज-वजाबाकी. पण वारा इतका सोयीने क्वचितच येतो. तो तिरका येतो, आणि एक हात कंट्रोलवर, मांडीवर नकाशा अशा अवस्थेत साइन-कोसाइन कोण मांडत बसणार?

ही आकडेमोड मूळची दर्यावर्द्यांची. गाठी मारलेला दोर पाण्यात सोडायचा आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईतो किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. नॉट म्हणजे तीच गाठ. वेग, दिशा, वेळ यांवरून जहाज कुठवर आलं याचा अदमास घ्यायचा. वैमानिकांनी ही रीत उचलली; पाण्याच्या प्रवाहाची जागा वाऱ्याने घेतली. १९२७ साली अटलांटिक ओलांडताना लिंडबर्ग लाटांवरचा फेस पाहून वाऱ्याची दिशा नि जोर ताडत होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला पस मॉथ विमान उतरवलं, तेही रेडिओविना. पुढे फिलिप डाल्टन या अमेरिकी वैमानिकाने फिरती चकती आणि पेन्सिलीचा ठिपका यांवर हे गणित सोडवणारं साधन घडवलं. ई-सिक्स-बी या नावाने शिकाऊ वैमानिक ते आजही बाळगतात. पण तेही हात अडकवतंच.

मग कामी येते घड्याळाची तबकडी. वारा मार्गाशी किती अंशांचा कोन करतो ते पाहा आणि अंशांना मिनिटं समजा. १५ म्हणजे पाव वारा आडवा, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण, ६० आणि पुढे अख्खा. पावकी-निमकी-पाऊणकी घोकलेल्या पिढीला हे वेगळं शिकवावंही लागलं नसतं. समोरचा वारा हवा असेल तर कोन ९०मधून वजा करून तीच तबकडी वाचायची.

२० नॉटचा वारा समोरून ३० अंश तिरका असेल, तर आडवा १०. समोरचा? ९०मधून ३० गेले, उरले ६०. म्हणजे अख्खे २०. जमिनीवरचा वेग ८०. काटेकोर गणित सुमारे ८२ देतं. ही चूक भल्याची, कारण इंधन थोडं जास्तच धरलं जातं. पाठीच्या वाऱ्यात मात्र हीच तबकडी वेग फुगवून सांगते. तिथे हात आखडता घ्यावा.

आणि जाताना गेलेला वेळ येताना भरून निघेल, या भरवशावर राहू नये. त्याच १०० नॉट वेगाने १०० सागरी मैल जाऊन परत यायला वारा नसताना १२० मिनिटं लागतात. २० नॉटच्या सरळ वाऱ्यात जायला ७५, यायला ५०, एकूण १२५.