रुग्णाच्या उशाशी कोण? : दक्षिण कोरियाची शुश्रूषा योजना

दक्षिण कोरियात सक्तीचा आरोग्य विमा १९७७ साली ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत सुरू झाला. १९८९ मध्ये तो सर्व जनतेला लागू झाला आणि २००० साली विविध विमा संस्था एकत्र करून एकच राष्ट्रीय संस्था निर्माण करण्यात आली. उपचारांचा भार विम्याने उचलला. मात्र रुग्णाला भरवणे, कुशीवर वळवणे, शौचास नेणे ही कामे घरच्यांकडेच राहिली. पत्नी, मुलगी किंवा सून खाटेशेजारी मुक्काम करी. ज्यांना ते शक्य नसे, ते पदरमोड करून मदतनीस ठेवीत. अलीकडच्या काळात त्याचा रोजचा दर १ लाख वॉनच्या, म्हणजे सुमारे ६,००० रुपयांच्या पुढे गेला आहे.

योजनेचे स्वरूप

यावर उपाय म्हणून २०१३ साली काही रुग्णालयांत प्रायोगिक योजना सुरू झाली व २०१५ साली ती विम्याच्या कक्षेत आली. या योजनेच्या कक्षात नातेवाईक मुक्कामास राहत नाहीत. परिचारिका, साहाय्यक परिचारिका व मदतनीस मिळून चोवीस तास संपूर्ण शुश्रूषा करतात. सर्वोच्च श्रेणीच्या रुग्णालयांत एका परिचारिकेकडे ५ ते ७ रुग्ण असावेत, असे प्रमाण ठरले आहे. वाढीव खर्च विमा देतो. रुग्णाचा वाटा साधारणपणे २० टक्के असतो.

त्याच वर्षी मर्स या साथीने १८६ जणांना गाठले व ३८ जण दगावले. बाधितांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक रुग्णांचे नातेवाईक, मदतनीस व भेटीस आलेले होते. खाटेशेजारी राहण्याची प्रथा रोगप्रसारास कशी हातभार लावते, हे तेव्हा उघड झाले. डिसेंबर २०१५ मध्ये वैद्यकीय सेवा कायद्यात दुरुस्ती होऊन या सेवेला कायद्याचा आधार मिळाला.

उणिवा

तथापि, योजनेने सर्वांचे ओझे उतरवले असे आम्ही म्हणणार नाही. मनुष्यबळ अपुरे असल्यामुळे काही रुग्णालये स्वतः हिंडूफिरू शकणाऱ्या रुग्णांनाच या कक्षांत प्राधान्य देतात, अशी टीका वारंवार झाली. ज्यांना शुश्रूषेची गरज सर्वाधिक, तेच बाहेर राहिले. म्हणून गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्षांची तरतूद २०२४ पासून करण्यात आली. वृद्धांच्या दीर्घकालीन रुग्णालयांना ही योजना लागू नव्हती. तेथील मदतनिसांच्या खर्चासाठी त्याच वर्षी वेगळा प्रयोग हाती घेण्यात आला. परिचारिकांसाठीचा स्वतंत्र कायदा जून २०२५ मध्ये अमलात आला.

आपल्याकडेही रुग्णाच्या उशाशी घरचे माणूस बसते व ते आपण प्रेमाचे लक्षण मानतो. ते खरेच आहे. परंतु प्रेमाने जवळ बसणे वेगळे आणि परिचारिका कमी म्हणून बसावे लागणे वेगळे. कोरियाच्या अनुभवातून हा भेद स्पष्ट होतो. शुश्रूषेचा खर्च विम्याने मान्य करणे ही पहिली पायरी होय. ती करणारे पुरेसे हात उभे करणे ही दुसरी, आणि अधिक कठीण.